हरणाच्या मटणात नेमकं काय असतं? बोकडाशी आकड्यांनिशी तुलना हवी

तिलारी_वळण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा पट्ट्यात हरणाच्या मटणाबद्दल चार गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. प्रथिनं बोकडाच्या दुप्पट, चरबी शून्य, कोलेस्टेरॉल नाहीच, आणि आठवडाभर खाल्लं की रक्त वाढतं. शिकारीवर बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ही ‘ताकदीची’ ख्याती काही जात नाही, आणि चोरट्या विक्रीला तीच खतपाणी घालते. म्हणून सरळ प्रश्न: १०० ग्रॅममागे खरे आकडे किती? आणि यातलं आपल्या बाजारातल्या मटणात न मिळणारं असं काही आहे का?

पोषणतक्ता

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात हरणाचं मांस स्वतंत्र नोंदलेलं आहे. आधी कच्चं, चरबी काढलेलं, १०० ग्रॅम:

ऊर्जा १२० किलोकॅलरी, पाणी ७३.६ ग्रॅम, प्रथिनं २२.९६ ग्रॅम, चरबी २.४२ ग्रॅम, कोलेस्टेरॉल ८५ मिलिग्रॅम, लोह ३.४ मिलिग्रॅम, जस्त २.०९ मिलिग्रॅम, पोटॅशियम ३१८, सोडियम ५१, फॉस्फरस २०२ मिलिग्रॅम, नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) ६.३७ मिलिग्रॅम, बी-१२ ६.३१ मायक्रोग्रॅम.

त्याच तक्त्यातलं शेळी-बोकडाचं कच्चं मटण:

ऊर्जा १०९, पाणी ७५.८, प्रथिनं २०.६, चरबी २.३१, कोलेस्टेरॉल ५७, लोह २.८३, जस्त ४.०, पोटॅशियम ३८५, सोडियम ८२, फॉस्फरस १८०, नायसिन ३.७५, बी-१२ १.१३. एककं वरचीच.

आता चारही समजुती एकेक करून बघा. प्रथिनांतला फरक १०० ग्रॅममागे सव्वादोन-अडीच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या अंड्याइतकाही नाही. चरबी दोघांत सारखीच. कोलेस्टेरॉल हरणात नाही कुठलं, उलट बोकडाच्या दीडपट आहे. लोह हरणात पाचव्या हिश्शाने जास्त, पण जस्त बोकडात जवळजवळ दुप्पट. हरीण खरोखर वरचढ ठरतं ते बी-१२ आणि नायसिन या दोनच ठिकाणी.

एक खबरदारी. हे आकडे तिकडच्या हरणांचे आहेत, आपल्या सांबर-चितळाचे म्हणून वापरू नयेत. अंदाज बांधायला पुरेसे आहेत, तेवढंच.

शंकेखोर_निपाणी

हिशेब जुळत नाही की. प्रथिनं गुणिले ४ आणि चरबी गुणिले ९ असंच शिकवतात ना? २२.९६ × ४ = ९१.८ आणि २.४२ × ९ = २१.८. बेरीज ११३.६ येते. तक्त्यात १२० कसे?

पोषणतक्ता

४ आणि ९ हे सरसकट वापरायचे गोल आकडे. त्या तक्त्यात मांसासाठी वेगळे गुणक धरलेत: प्रथिनाला ४.२७, चरबीला ९.०२. मांसातलं प्रथिन डाळीतल्यापेक्षा जास्त पचतं, म्हणून त्याचा गुणक मोठा. २२.९६ × ४.२७ = ९८ आणि २.४२ × ९.०२ = २१.८, बेरीज ११९.८. बोकडाचं करून बघा, १०८.८ येईल.

शंकेखोर_निपाणी

आलं की बरोबर. मग ‘दुप्पट प्रथिनं’ हे आलं कुठून? काहीतरी मूळ असणारच.

पोषणतक्ता

मूळ आहे, पण ते चुकीच्या तुलनेत आहे. भाजलेल्या हरणाच्या मटणात १०० ग्रॅमला ३०.२१ ग्रॅम प्रथिनं नोंदलेली आहेत. चरबीसकट कच्च्या कोकराच्या मटणात १६.८८. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘जवळपास दुप्पट’ म्हणता येतं. एक शिजलेलं नि एक कच्चं, एक निव्वळ मांस नि दुसऱ्यात २१.५९ ग्रॅम चरबी! त्याच कोकराची चरबी काढली की प्रथिनं २०.२९ वर जातात आणि चरबी ५.२५ वर येते.

शिजताना प्रथिन तयार होत नाही, पाणी उडतं. १०० ग्रॅम कच्चं मटण भाजून साधारण ७६ ग्रॅम उरतं. हा ०.७६ लक्षात ठेवा. कच्च्यातलं लोह ३.४ भागिले ०.७६ = ४.४७, कोलेस्टेरॉल ८५ भागिले ०.७६ = ११२. भाजलेल्या हरणाच्या नोंदीत नेमके हेच आकडे आहेत. कुठलाही तक्ता वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: कच्चं की शिजलेलं, चरबीसकट की काढून?

गोठा_आणि_दवाखाना

चरबीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथे आहे.

हरणाची चरबी मांसाच्या धाग्यांत फारशी शिरत नाही. ती कातडीखाली, गुर्द्याभोवती आणि पोटात साठते, त्यामुळे मांस वेगळं काढलं की ते कोरडंच निघतं. शेळीचंही असंच आहे. तिची बहुतेक चरबी आतड्यांवरच्या जाळीत आणि गुर्द्याभोवती असते, कातडीखाली अगदी पातळ थर. मेंढीचं उलट. आपल्याकडच्या धनगरी कळपातल्या डेक्कनी मेंढीतही चरबी कातडीखाली आणि स्नायूंच्या मधे बसते, ती सुरीने पूर्ण निघत नाही. म्हणजे पाळीव जनावरांत हरणाच्या सर्वांत जवळ जाणारं मांस शेळीचं, मेंढीचं नव्हे.

दुसरं असं, की चरबी कमी म्हणून ती ‘चांगली’ ठरत नाही. वरच्या तक्त्यात हरणाच्या २.४२ ग्रॅम चरबीपैकी ०.९५ ग्रॅम संपृक्त (तुपासारखी थिजणारी) आहे, म्हणजे ३९ टक्के. बोकडात २.३१ पैकी ०.७१, म्हणजे ३१ टक्के. हरणाची चरबी ताटात निवायला लागली की लगेच थिजते आणि टाळूला मेणासारखी चिकटते, ते याचमुळे. हरणाची जमेची बाजू म्हणजे बहुअसंपृक्त (तेलासारखी पातळ राहणारी) चरबी, ०.४७ ग्रॅम, बोकडात ती ०.१७. झाडपाला नि हिरवा चारा खाणाऱ्या जनावरात तिचं प्रमाण वाढतं आणि खुराकावर ठेवलेल्यात घटतं. डोंगरउतारावर चरणारी शेळी आणि दावणीला मका-पेंड खाणारी शेळी यांतही हा फरक पडतो.

कोलेस्टेरॉल मात्र चरबीच्या गोळ्यात साठलेलं नसतं. ते प्रत्येक पेशीच्या आवरणात असतं, त्यामुळे मांस कितीही कोरडं असलं तरी ते राहणारच.

मलप्रभा_काठची

रक्त वाढण्याचं काय? गावोगावी हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना हाच सल्ला देतात, म्हणून विचारते.

पोषणतक्ता

ताई, आकडा बघा. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. हरणाच्या १०० ग्रॅममधून ३.४ मिळतं, बोकडाच्या २.८. दोन्हीही गरजेच्या आसपास नाहीत.

पण २९ हा आकडा मोठा आहे तो आपल्या भाकरी-आमटीच्या जेवणातलं लोह फार थोडं शोषलं जातं म्हणून. मांसातल्या लोहाचा एक भाग रक्तरंजकाशी बांधलेला असतो, तो १५ ते ३५ टक्के शोषला जातो. धान्य-भाज्यांतलं लोह बऱ्याचदा याच्या अर्धंही नाही. त्यात मांस सोबत असलं की त्याच जेवणातल्या भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. हा गुण बोकड, मेंढी, कोंबडी, मासळी सगळ्यांत आहे. ताटात लिंबू असू द्या आणि चहा जेवणानंतर तासभर तरी लांबवा. जेवण झाल्या झाल्या कडक चहा घेतला की निम्मी मेहनत वाया.

आणि बी-१२ साठी हरणाचं कौतुक करणाऱ्यांनी मेंढीच्या कलेजीचा आकडा बघावा: कच्च्या १०० ग्रॅमला ९० मायक्रोग्रॅम बी-१२, लोह ७.३७ मिलिग्रॅम. प्रौढाची रोजची गरज साधारण २.४ मायक्रोग्रॅम. हरणाचे ६.३१ तिच्यापुढे कुठेच नाहीत.

गोठा_आणि_दवाखाना

कलेजीला एक अट जोडा. त्याच १०० ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्व ७,३९१ मायक्रोग्रॅम असतं आणि प्रौढाची रोजची वरची मर्यादा ३,००० आहे. एकदा जास्त झालं तर बिघडत नाही, रोज खाल्लं तर साठत जातं. गरोदर बाईने कलेजी टाळावी किंवा डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधतो. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा ५० ग्रॅम पुरे. कोलेस्टेरॉलही कलेजीत ३७१ मिलिग्रॅम आहे.

रस्सावाटी

रानच्या मटणाचा रंग गडद आणि वास उग्र, तीच त्याची ताकद, असं म्हणतात. यात तथ्य किती?

गोठा_आणि_दवाखाना

रंग मायोग्लोबिनचा. स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन. सतत चालणाऱ्या-पळणाऱ्या जनावरात ते जास्त, त्यातच लोह असतं. तेवढ्यापुरतं गडद रंगात तथ्य आहे.

पण गडद रंगाचं एक वाईट कारणही असतं, आणि चोरट्या शिकारीच्या मांसात तेच अपेक्षित धरावं. जनावर शांतपणे मेलं तर स्नायूतल्या ग्लायकोजेनचं (साठवलेल्या साखरेचं) लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ वरून ५.५-५.७ पर्यंत उतरतो. हे आम्ल मांस टिकवतं, रंग उजळ ठेवतं. फासात रात्रभर धडपडलेल्या किंवा कुत्र्यांनी पळवून दमवलेल्या जनावराचं ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. मग आम्ल होत नाही, पीएच ६ च्या वर अडकतो, मांस काळपट, घट्ट, चिकट राहतं आणि लवकर नासतं. लोक त्यालाच ‘रानचं अस्सल’ म्हणतात! बोकडातही हे होतं: टेम्पोत कोंबून उन्हातून लांबून आणलेलं, पाणी न पाजता लगेच कापलेलं. रात्रभर विसावा आणि पाणी मिळालेल्या जनावराच्या मटणात फरक स्पष्ट दिसतो.

वास बहुतांशी चरबीत असतो. नराच्या माजाच्या काळात तो वाढतो. न खच्ची केलेल्या बोकडाचा वासही चरबीतल्या आम्लांचाच, म्हणून चरबी काढली की वास पुष्कळ उतरतो. खच्ची बोकडाला वास कमी, पण चरबी जास्त धरते.

कलम_५१

पोषणाच्या चर्चेत कायद्याची दोन वाक्यं आलीच पाहिजेत, कारण ‘विकत घेतलं, मारलं नाही’ ही पळवाट फार चालते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी, आणि शिकारीच्या व्याख्येत फास लावणं, सापळा लावणं, हाकारा करणं हेही येतं. मांस जवळ बाळगणं, नेणं, विकणं, विकत घेणं हा स्वतंत्र गुन्हा. कलम ५७ प्रमाणे जवळ सापडलं की ते कायदेशीर असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ सापडलं त्याची. शिक्षा कलम ५१ मध्ये. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं आणि किमान २५ हजार दंड.

चोर्ला घाट ओलांडून गोव्यात गेलात किंवा इकडून चंदगडला गेलात तरी कायदा तोच, तो केंद्राचा आहे. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं म्हणून त्याच्या हद्दीतच बंदी, असंही नाही. उसाच्या फडात शिरलेलं हरीणही संरक्षितच.

तिलारी_वळण

रस्त्यावर गाडीखाली मेलेलं सापडलं तर? लोंढा रस्त्याला असं होतं.

कलम_५१

कलम ३९. मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता. हात लावू नये, वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावं. ताब्यात आलाच असेल तर ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून घरी नेलं की तो गुन्हाच. पिकाच्या नुकसानीपायी वनखात्याच्या लेखी परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचंच असतं.

पोषणतक्ता

यात पोषणाच्या अंगानेही भर घालता येते. बंदुकीने मारलेल्या जनावराच्या मांसात शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबवर पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि धुऊन जात नाहीत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आणि त्याची सुरक्षित अशी पातळी मानलेली नाही. लोह मिळवायला जायचं आणि शिसं घेऊन यायचं!

गोठा_आणि_दवाखाना

आणि गोचीड. माकडताप पहिल्यांदा १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, पुढे गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गातही पोचला. तो मटण खाऊन होत नाही, जंगलातल्या गोचिडीच्या चाव्याने होतो. जनावर मेलं की गोचीड अंगावरून उतरून दुसरं शरीर शोधते, आणि सोलणारा माणूस तिथेच बसलेला असतो. वर या मांसाची कुणी तपासणी केलेली नसते. टॉक्सोप्लाझ्मासारखे परजीवी दिसत नाहीत.

शंकेखोर_निपाणी

‘रानचं’ म्हणून विकतात ते हरणाचं असतं याची तरी खात्री काय?

कलम_५१

शिजवलेल्या किंवा मसाला लावलेल्या तुकड्यावरून डोळ्याने ओळखता येत नाही. जप्त नमुना डीएनए तपासणीला जातो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम-बी जनुकावरून प्राण्याची जात ठरवतात. शिजलेल्या तुकड्यावरूनही बहुतेकदा जमतं. गिऱ्हाइकाकडे ती सोय नाही, त्यामुळे फसवणूक झाली तरी तक्रार करणार कोणाकडे, स्वतःच आरोपी!

रस्सावाटी

बरं, आता कामाचं. ‘चरबी नसलेलं मटण चिवट होतं’ ही रड बोकडाच्या मांडीलाही लागू आहे. त्यावर उपाय?

सुरीधार

चूक बहुधा तीन ठिकाणी होते.

पहिली वेळेची. कापल्यावर तासा-दोन तासांनी मांस आखडायला लागतं आणि काही तास तसंच राहतं. त्या अवस्थेत शिजवलं की चिवटच होणार. कापल्या कापल्या तरी शिजवा, नाहीतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आत २४ तास ठेवा. गरम मांस थेट बर्फाच्या कप्प्यात टाकलं तर धागे आखडून बसतात, ते नंतर कितीही शिजवा, सुटत नाहीत.

दुसरी भागाची. रान म्हणजे मागची मांडी, सगळ्यांत कमी चरबीची. मान, नळी, सीना यांत चिवट पांढरे धागे जास्त, पण तेच मंद आचेवर विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. रान तव्यावर लवकर होतं आणि जास्त झालं की वाळतं. मानेला वेळ द्यावा लागतो. दोन्ही एकाच कुकरात एकाच वेळेला घातलं तर एकाचा चोथा होतो किंवा दुसरं कच्चं राहतं. मान आधी घाला, रान १० मिनिटांनी.

तिसरी शिट्टीची. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची वेगळी असते. दाब आल्यावर गॅस बारीक करून कोवळ्या बोकडाला १५-२० मिनिटं, जुनाला ३० च्या आसपास. वाफ आपोआप जिरू द्या. गार पाण्याखाली कुकर धरला की तुकड्यातलं पाणी उकळून बाहेर येतं आणि मटण कोरडं पडतं.

कच्ची पपई वापरायची तर अर्ध्या किलोला एक चमचा वाटण, तासभर पुरे. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं तसंच.

पोषणतक्ता

पोषणाच्या बाजूने: बी-१२ आणि लोह शिजवून फारसं जात नाही. थायामिन उष्णतेने घटतं आणि पाण्यातही उतरतं. पोटॅशियमही पाण्यात उतरतं. म्हणून अळणी पाणी किंवा पांढरा रस्सा टाकून देऊ नका. मात्र ‘पायाच्या सूपात भरपूर कॅल्शियम’ हे खरं नाही. हाडातलं कॅल्शियम पाण्यात अगदी थोडं सुटतं. सूप दाट होतं ते जिलेटिनमुळे.

शंकेखोर_निपाणी

व्यायामशाळेतली पोरं म्हणतात, चरबी जितकी कमी तितकं चांगलं, नुसतं कोरडं मटण खायचं.

पोषणतक्ता

नुसतं कोरडं मांस खाऊन माणूस आजारी पडतो. हरणाच्या मांसात चरबीतून येणारी ऊर्जा जेमतेम १८ टक्के. यकृत एका मर्यादेपलीकडे प्रथिनाची विल्हेवाट लावू शकत नाही. ध्रुवप्रदेशात राहिलेल्या स्टेफान्सन यांच्यावर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात प्रयोग झाला. चरबी काढलेलं मांसच दिलं तेव्हा काही दिवसांतच मळमळ नि जुलाब सुरू झाले, चरबी दिल्यावर थांबले. आपल्याकडे सोबत भाकरी-भात असतो म्हणून ही वेळ येत नाही. भाकरी सोडून फक्त मटणावर राहणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात घ्यावं. यूरिक आम्ल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांस वाढवूच नये.

मलप्रभा_काठची

मग घरी चार-सहा माणसांना किती आणायचं? एक किलो म्हणजे प्रत्येकाला नेमकं किती पडतं?

पोषणतक्ता

ताई, दुकानातल्या मिक्स किलोत साधारण पाव भाग हाडं धरा. उरलं ७५० ग्रॅम, त्याची प्रथिनं १५० ग्रॅमच्या आसपास. सहा जणांत प्रत्येकी २५ ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरज ४६ ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून जास्त एका जेवणात झाली. बाकी भाकरी, आमटी, दह्यातून येतं.

तिलारी_वळण

दुकानात नेमकं काय सांगायचं तेवढं सांगा, सुरीधारअण्णा. ‘चांगलं द्या’ म्हटलं की चरबीचा गोळा तळाशी येतो.

सुरीधार

तोलायच्या आधी सांगा, नंतर नाही. ‘अर्धा किलो रान, पाव किलो मान, दोन नळ्या. चरबी आणि झिल्ली काढून मग वजन करा. तुकडे मोठे.’ गुर्द्यालगतची चरबी रानाच्या तुकड्याला जोडून येते, ती बोटाने ओढली की सुटते, सुरीही लागत नाही. कलेजी हवी असेल तर वेगळी बांधून घ्या, गुळगुळीत, चमकदार, एका रंगाची. वर पांढरे ठिपके किंवा कडक गाठी दिसल्या, किंवा कापल्यावर नळ्यांतून पानासारखे चपटे किडे निघाले, तर ती घ्यायची नाही. पावसाळ्यात तळ्याकाठी चरलेल्या जनावरात हे जास्त सापडतं.

मलप्रभा_काठची

नुसती ती जागा कापून टाकली तर चालतं?

गोठा_आणि_दवाखाना

नाही. पित्तनळ्या सगळ्या कलेजीभर असतात, कीड एका कोपऱ्यात दिसली तरी बाकीच्या नळ्यांतही असते. ती आख्खी टाकायची. त्याच जनावराचं रान किंवा मान खायला हरकत नाही.